एका जादा अक्षराचा शोध

मुंबईतील मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्याकडे येणाऱ्या काही मुलांची कहाणी जवळजवळ एकच असे. वर्षाच्या आतच बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढे, पाऊल उशिरा पडे, पुढे तोल जाऊ लागे, झटके येत. एमआरआय चित्रात मेंदूचा पांढरा भाग पार बिघडलेला दिसे; मूल मात्र त्या मानाने पुष्कळच हुशार, बोलके असे. दुसरे साम्य समाजाचे होते. बहुतेक कुटुंबे अगरवाल होती.

डॉ. सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निरीक्षणे १९९१ साली टोकियोच्या परिषदेत मांडली. नेदरलँड्समधील डॉ. मार्जो व्हान डर क्नाप यांनी अशाच आठ मुलांचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि बऱ्याच ग्रंथांत रोगाला नाव लागले ते त्यांचे. मुंबईचा उल्लेख तेथेही ठळकपणे व्हावयास हवा होता, असे मला वाटते.

अगरवालांत सगोत्र विवाह वर्ज्य, पण विवाह समाजातच. आपल्याकडेही चुलत-मावस भावंडांचा विवाह धर्मविधीने निषिद्ध आहे. मात्र जवळचे नाते टाळले, तरी अनेक पिढ्यांमागचा समान पूर्वज टळत नाही. विवाहनोंदींच्या जुन्या वह्या चाळताना हे मला वारंवार जाणवले आहे.

तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून हे जनुक बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचे कळले. २००१ मध्ये पीटर लीगवॉटर, व्हान डर क्नाप आदींनी ते नेमके हुडकले, नाव एमएलसी-१. पुढे तपासलेल्या अगरवाल रुग्णांत एकच दोष आढळला: जनुकाच्या लिखाणात एक अक्षर जादा. हे लिखाण तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते. एक अक्षर घुसले की पुढचा सारा मजकूर विसकटतो. एकाच पूर्वजाकडून आलेला हा दोष असावा, असे त्यावरून मानले जाते.

आई व बाप दोघेही निरोगी वाहक असतील, तरच मूल आजारी होते. प्रत्येक खेपेस शक्यता चारांत एक. घराघरांतून आईच्याच माथी मारला जाणारा दोष या शोधाने निराधार ठरविला. वाहक कोण, हे रक्ततपासणीने विवाहापूर्वीच कळू शकते. तीच तपासणी गर्भावरही होते. तिचा निकाल पुष्कळदा त्या जिवाच्या विरोधात वापरला जातो. तेथे मी थबकतो, पण त्या पालकांवर दगड उचलण्यास माझा हात धजत नाही.

रोग बरा करणारे औषध अद्याप नाही. डोक्याला किरकोळ मार लागला, तरी अशा मुलाची प्रकृती एकाएकी ढासळू शकते. म्हणून खेळताना त्याला फार जपावे लागते.