बिनखात्याचे मंत्री

बिनखात्याचा मंत्री म्हणजे बिनकामाचा मंत्री, असा पुष्कळांचा समज असतो. १९४७ सालचा इतिहास निराळेंच सांगतो. गोपाळस्वामी अय्यंगार हे १९३७ ते १९४३ पर्यंत काश्मीर संस्थानचे दिवाण होते. त्या अनुभवास्तव पंडित नेहरूंनीं या बिनखात्याच्या मंत्र्यांवर काश्मीरचें काम सोंपविलें. परंतु संस्थानांचें खातें सरदार पटेलांकडे होतें! डिसेंबरांत काश्मीरसाठीं मोटारगाड्या मिळवाव्या म्हणून अय्यंगारांनीं पूर्व पंजाब सरकारला तार केली. हें काम आपल्या खात्यामार्फत व्हावयास हवें होतें, असा सरदारांचा आक्षेप. वाद वाढत वाढत राजीनाम्याच्या गोष्टीपर्यंत गेला. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींची हत्या झाली, तेव्हां त्या शोकांत दोघे नेते पुन्हां जवळ आले. बिनखात्याच्या मंत्र्यास अधिकार असतो. त्याची शीव मात्र आंखलेली नसते. तंटा उपजतो तो तेथेंच.