ग्रहाचे आकारमान आणि जीवसृष्टी

ग्रहावर जीवसृष्टी टिकेल की नाही, हे ठरवणारा एक मूलभूत घटक. ताऱ्यापासूनच्या अंतरावरून ग्रहाला ऊब किती मिळणार ते कळते. हवा, पाणी आणि पोटातली उष्णता तो किती काळ राखणार, हे मात्र बऱ्याच अंशी आकारमान व वस्तुमान यांवर ठरते. लोकप्रिय लेखनात अंतराचाच गवगवा फार होतो.

मंगळ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्याचा व्यास सुमारे 6,780 किमी., म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. वस्तुमान मात्र जेमतेम 11 टक्के. मुक्तिवेग सेकंदाला 5 किमी. (पृथ्वीचा 11.2). ग्रहातली उष्णता घनफळाच्या प्रमाणात साठते आणि पृष्ठभागातून बाहेर पडते. म्हणून पातेल्यातल्या आमटीपेक्षा वाटीतली जशी लवकर निवते, तसा लहान ग्रहही लवकर निवतो. मंगळाचा गाभा अजून वितळलेला असल्याचे इनसाइट यानाने टिपलेल्या कंपलहरींवरून दिसते. पण चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी त्यातली घुसळण सुमारे 4 अब्ज वर्षांपूर्वीच थांबली. त्यानंतर सौरवाताचा मारा थेट वातावरणावर होऊ लागला.

हवा किती गेली, याचा माग 2014 मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या मेव्हन यानाने आरगॉनवरून काढला. आरगॉन निष्क्रिय असल्यामुळे खडकांत बांधला जात नाही; कमी झाला तर तो अवकाशातच गेलेला असतो. वरच्या थरांत हलक्या आरगॉन-36चे प्रमाण जास्त, त्यामुळे तो अधिक निसटतो आणि मागे आरगॉन-38चा वाटा वाढतो. त्यावरून मूळच्या आरगॉनपैकी सुमारे 65 टक्के नाहीसा झाल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले. गेल विवरात एके काळी गोड्या पाण्याचे तळे होते, हे क्युरिऑसिटी गाडीने तपासलेल्या पंकाश्मांवरून स्पष्ट झाले आहे. आज तेथील हवेचा दाब पृथ्वीवरच्या 1 टक्क्याहून कमी आहे. पाणी उघड्यावर टिकत नाही.

मोठेपणालाही मर्यादा आहे. पृथ्वीच्या सुमारे 1.6 पट त्रिज्येपलीकडचे बहुतेक ग्रह निखळ खडकाळ नसतात. योग्य आकारमान पुरेसे असते असेही नाही : शुक्र जवळपास पृथ्वीएवढा असूनही त्याचा पृष्ठभाग 460° से.पर्यंत तापलेला आहे. उलट, शनीचा अवघ्या 500 किमी. व्यासाचा उपग्रह एन्सेलाडस बर्फाखाली महासागर बाळगून आहे. त्याला ऊब मिळते ती शनीच्या भरती-ओहोटीच्या ओढीतून.

परग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो त्या अधिक्रमणावरून त्याची फक्त त्रिज्या कळते, वस्तुमान वेगळे मोजावे लागते. ही दोन्ही मापे हाती नसताना एखाद्या ग्रहाला ‘दुसरी पृथ्वी’ म्हणणे घाईचे ठरते.