बडोद्याची विश्वामित्री

श्रोत्यांपैकी ज्यांनी बडोदे पाहिले असेल त्यांना काळ्या घोड्याचा चौक आठवत असेल. स्टेशनावरून गावाकडे येताना सयाजीराव महाराजांचा तो अश्वारूढ पुतळा लागतो, एका अंगाला कमाटी बागेची झाडी दिसते आणि जवळच विश्वामित्रीवरचा पूल येतो. या पुलाच्या कठड्याशी थांबलेला परगावचा माणूस बहुधा नदी पाहत नसतो. तो मगर शोधत असतो. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात खालच्या चिखलट काठावर एखादा ओंडका पडलेला दिसावा आणि त्या ओंडक्याने जबडा उघडावा, हा देखावा तेथे नवलाचा नाही. भर शहरात, लाखो माणसांच्या वस्तीच्या मधोमध, मगरींचे कुळ असे नांदत असल्याची उदाहरणे जगात फार थोडी सापडतील. मात्र त्या मगरींच्या अंगावरून जे पाणी वाहते ते नदीचे म्हणावे की गटाराचे, हा प्रश्न बडोदेकरांना गेली अनेक वर्षे सतावतो आहे.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते. तेथे तप करणाऱ्या विश्वामित्र ऋषींवरून तिला नाव मिळाले, असे सांगतात. पावागडावरून ती पश्चिमेला वाहत येते, बडोदे शहरातून नागमोडी वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीत मिसळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला मिळते. डोंगर सोडल्यावर तिच्या वाटेला जो मुलूख येतो तो सपाट आहे. उतार थोडा असल्यामुळे पाण्याला घाई नसते. आणि घाई नसलेले पाणी वळणे घेते, काठ कापते, जागोजागी साचते. काठच्या मऊ मातीत तिने शतकानुशतके घळी कोरून ठेवल्या आहेत. त्यांना तिकडे कोतरे म्हणतात. पावसाळ्यात चढलेले पाणी या कोतरांत आणि लगतच्या तळ्यांत व दलदलींत पसरावे, तेथे चार दिवस थांबावे, थोडे जमिनीत मुरावे आणि उरलेले सावकाश पात्रात परतावे, अशी ही जुनी व्यवस्था होती. ती कोणी आखलेली नव्हती, म्हणूनच कदाचित तिची किंमत कोणाच्या ध्यानात आली नाही.

नदीच्या पुरांशी या गावाचा परिचय मात्र फार जुना आहे. आज अकोटा म्हणून ओळखला जाणारा भाग विश्वामित्रीच्या पश्चिम काठावर आहे. तेथे प्राचीन काळी अंकोट्टक नावाचे भरभराटलेले नगर होते. १९५१ च्या सुमारास तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. इ. स. ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक गाव म्हणून वडपद्रकाचा उल्लेख येतो. वडांच्या झाडीतले ते लहानसे खेडे पूर्वेकडच्या उंच भूमीवर होते. पुढे तेच मोठे झाले आणि अंकोट्टक मागे पडले. पुरांना कंटाळून लोकांनी नदी ओलांडली, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर बडोद्याचा जन्मच विश्वामित्रीला टाळण्याच्या शहाणपणातून झाला असे म्हणावयास हरकत नाही. हे शहाणपण नंतरच्या पिढ्यांना पुरले नाही.

१७३४ साली बडोदे गायकवाडांकडे आले आणि कायमचे राहिले. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांत मराठी कुटुंबे स्थिरावली. परंतु नदीच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक काळ आला तो तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा १८७५ साली दत्तक घेतला गेला आणि १८८१ साली त्याच्या हाती राज्यसूत्रे आली. त्या वेळी बडोद्याची वस्ती सुमारे एक लाख होती. लोक विहिरी, वाव आणि तलाव यांच्या पाण्यावर राहत. ते पाणी उन्हाळ्यात आटे आणि पावसाळ्यात बिघडे. त्यामागोमाग पटकी येई. तरुण महाराजांनी शहरासाठी दुरून शुद्ध पाणी आणण्याचे मनावर घेतले. १८८५ साली अजव्याच्या धरणाचे काम सुरू झाले. जगन्नाथ सदाशिव या एतद्देशीय अभियंत्याचे नाव या कामाशी जोडलेले आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण असली कामे गोऱ्या साहेबाखेरीज कोणाला जमत नाहीत, असा त्या काळचा समज होता. मातीचा लांबलचक बांध उभा राहिला, मागे विस्तीर्ण जलाशय भरला, त्याला सयाजी सरोवर हे नाव मिळाले आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच बडोद्यात नळाने पाणी खेळू लागले.

हे काम थोर होते, यात शंका नाही. त्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या कल्पनेत नव्हता. घरात नळ आला की घरातून बाहेर जाणारे पाणीही वाढते. विहिरीवरून घागरीने आणलेले पाणी माणूस जपून वापरतो आणि त्यातले सांडपाणी अंगणातल्या आळ्यात जिरते; नळाच्या पाण्याला तेवढे अंगण पुरत नाही. दुसरे असे की, पिण्याचे पाणी वीसएक किलोमीटरांवरून येऊ लागल्यावर गावातले पाणी स्वच्छ राखण्याचे कारणच संपले. वावी बुजल्या, तलाव आक्रसले, आणि नदी ही गावाची पाठ झाली. ज्या राजाने बडोद्याला शुद्ध पाणी पाजले त्याच्याच योजनेमुळे बडोदेकरांना विश्वामित्रीची गरज उरली नाही, हा इतिहासाचा खोडसाळपणाच म्हटला पाहिजे. दोष योजनेचा नव्हता. शहर एका लाखाचे साडेसोळा लाखांवर गेले (ही २०११ च्या शिरगणतीची गोष्ट झाली) आणि सांडपाण्याची सोय त्या मानाने वाढली नाही, हे खरे कारण होय.

पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्यांना बडोद्यात कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावे तेथल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. ‘भूखी’ हे नावच सांगते की एरवी उपाशी असलेला हा ओहोळ पावसाळ्यापुरता भरत असे. हळूहळू या कांसांतून बारा महिने सांडपाणी वाहू लागले. परिणामी पावसाळ्याखेरीज क्षीण होणारी विश्वामित्री बारमाही झाली. पण कशाच्या बळावर, ते उन्हाळ्यात पुलावरून जाताना नाकाला समजते.

येथे कारखान्यांबद्दल थोडे सांगणे न्याय्य होईल. १९६५ च्या सुमारास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, पाठोपाठ खतांचा कारखाना आणि नंदेसरीची वसाहत उभी राहिली, तेव्हा शहराच्या उत्तरेकडील रासायनिक सांडपाण्यासाठी एक लांब बंदिस्त कालवा बांधण्यात आला. १९८३ पासून तो ते पाणी महीच्या मुखाकडे वाहून नेतो. त्यामुळे महीच्या वाट्याला काय आले, हा स्वतंत्र विषय आहे. विश्वामित्रीपुरते बोलायचे तर तिची मुख्य व्याधी ही शहराच्या घराघरांतून येणाऱ्या मैल्याची आहे. मैला कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. मग माशांचा श्वास कोंडतो आणि तळाशी काळा गाळ तयार होतो. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत विश्वामित्री सर्वांत वाईट वर्गात होती.

याच काळात काठची कोतरे आणि तळी भरली जात होती. ज्या जागेत पाणी वर्षातून आठ दिवस उभे राहते ती जागा उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस मोकळी दिसते, आणि मोकळी जमीन वाढत्या शहराच्या नजरेतून सुटत नाही. तीत भराव पडला, घरे झाली, रस्ते झाले. नदीने आपली जागा सोडली नव्हती; ती फक्त वर्षाकाठी येत असे. १९२७ च्या जुलैतला गुजरातचा महापूर बडोद्याने पाहिला होता. त्यानंतर २००५, २०१४, २०१९ असे पूर आले. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर काळ्या घोड्यापाशी पाणी ३७ फुटांच्या आसपास चढले. तेथील धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, घरांच्या पडव्यांत मगरी शिरल्या आणि वनखात्याच्या माणसांना नावा व दोरखंड घेऊन दारोदार फिरावे लागले.

नदी सुधारण्याची कल्पना याच्या आधीपासून पुढे आली होती. पण तिचा नमुना अहमदाबादच्या साबरमतीचा होता. दोन्ही काठांना भिंती, वर फिरण्याचा पक्का रस्ता, दिवे आणि बाकडी. चित्रात ते सुंदर दिसते. पण साबरमतीला जो देखणा जलसाठा आहे तो नर्मदेच्या कालव्याच्या पाण्यावर भरतो, आणि तेथे मगरींची वसाहत नाही. बडोद्यातील काही जागरूक नागरिक हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठापुढे घेऊन गेले. २५ मे २०२१ रोजी निकाल लागला. नदी म्हणजे केवळ वाहते पात्र नव्हे, तिचे पूरक्षेत्र, कोतरे आणि पाणथळ जागा हेही तिचेच अंग होय, ते आखून राखावे, सांडपाणी थांबवावे आणि नदीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा अमलात आणावा, असा त्या आदेशाचा आशय होता. कागदावर का होईना, कोतरांना प्रथमच नदीत जागा मिळाली.

दलदलीला इतके महत्त्व का द्यावे, असा प्रश्न काहींना पडेल. मराठीत तर ‘दलदल’ हा शब्द बहुधा निंदेसाठीच वापरतात. वस्तुतः लव्हाळे आणि पाणकणीस यांच्या मुळांशी असणारे जीवाणू मैल्यातील नत्रद्रव्ये मोडून टाकतात, वनस्पती उरलेली पोषके शोषून घेतात आणि पाणी मंदावल्यामुळे गाळ खाली बसतो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत शहराचे सांडपाणी मासळीच्या तलावांतून फिरवून शुद्ध करण्याची रीत अनेक दशके चालत आली आहे. विलायतेतील टेम्स नदी १९५७ साली शास्त्रज्ञांनी मृत ठरवली होती. सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे सुधारल्यावर १९७४ साली तीत सामन मासा पुन्हा सापडला. म्हणजे उपाय अज्ञात नाही, आणि नदीची चिकाटीही थोडी नसते. खुद्द बडोद्याच्या मुलखात डभोईजवळ वढवाणा येथे गायकवाडी राज्याने १९१० च्या सुमारास शेतीसाठी तलाव बांधला. शेतीसाठीच तो होता. पण त्याच्या उथळ काठांवर दलदल जमली, हिमालय ओलांडून पट्टकादंब उतरू लागले, आणि २०२१ साली रामसर करारातील महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. माणसाने केलेली जागाही निसर्ग नाकारत नाही. तिला थोडी उसंत मात्र द्यावी लागते.

मगरींचे म्हणाल तर त्यांनी मैल्यातही तग धरला, हे त्यांच्या कणखरपणाचे लक्षण आहे. नदी निरोगी असल्याचा तो पुरावा नव्हे. गुजरातेत खोडियार माता मगरीवर बसलेली असते. गोव्यात फोंड्याजवळ दुर्भाट येथे शेतकरी पौष अमावास्येला खाजन जमिनीच्या बांधाशी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. पाणी आणि शेत यांच्या सीमेवर हा प्राणी राखणदार आहे, ही त्यामागची श्रद्धा आहे. बडोद्यातील लोकही एकूण तिच्याशी समजुतीने वागत आले आहेत, हे त्यांच्याबद्दल सांगितले पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत विश्वामित्रीच्या शहरातील व आसपासच्या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी आढळल्या.

ही गणना अकारण झालेली नव्हती. २०२४ च्या पुरानंतर सरकारने समिती नेमली आणि शहरातील सुमारे पंचवीस किलोमीटर पात्र शंभर दिवसांत खोल व रुंद करण्याचे ठरले. मार्चमध्ये यंत्रे पात्रात उतरली. पाण्याला वाट हवी, हे पुरात घर गमावलेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या निकडीपुढे लव्हाळ्याची वकिली करणे सोपे नसते. तथापि काठ तासताना जी झाडी जाते आणि ज्या कपारी मोडतात त्यांतच मगरीची बिळे आणि कासवांची घरे असतात. आणि वरची कोतरे बुजलेलीच राहिली तर खोल केलेल्या पात्रात पुढच्या पावसाळ्यांचा गाळ पुन्हा बसणार, असा आक्षेप नदीच्या अभ्यासकांनी घेतला. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. मगरीची मादी काठच्या कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालते ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि पिले बाहेर येतात ती पहिल्या पावसाच्या सुमारास. खोदकामाला मिळालेले शंभर दिवसही नेमके तेच होते.