ख्रिस्ती प्रणयकादंबरी, अमेरिकेतील छोट्या गावांची

अमेरिका व कॅनडातील, मुख्यतः इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट वाचकांसाठी लिहिला जाणारा, हलक्याफुलक्या सुराचा सुखान्त कादंबरीप्रकार. दोन माणसांचे प्रेम, त्यांची देवावरची श्रद्धा आणि सगळ्यांना सगळ्यांची खबर असणारे एक लहानसे गाव, या तिन्हींवर तो उभा असतो. पुस्तकव्यवसायात त्याला ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ या मोठ्या वर्गात धरतात. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात.

कथानकाची सुरुवात बहुधा कोणाच्या तरी येण्याने होते. नायिका आजीचे घर विकायला येते, शाळेत नोकरीला येते, नाहीतर मोडलेल्या संसारातून सावरायला माहेरच्या गावी परतते. तिथे पशुवैद्य, सुतार, विधुर शेतकरी किंवा तरुण पाळक भेटतो. गावात एक बेकरी असते, एक खाणावळ असते, रविवारची उपासना असते आणि न मागता सल्ला देणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या असतात. खलनायक क्वचितच असतो. खरा अडथळा मनातला असतो: वडिलांना न केलेली क्षमा, जुन्या अपघाताचे ओझे, नवरा गेल्यानंतर देवावर धरलेला राग. ही गाठ सुटल्याशिवाय लग्न ठरत नाही. माणूस देवाशी समेट करतो आणि मग दुसऱ्या माणसाच्या जवळ जाऊ शकतो, असा या कादंबरीचा क्रम आहे. शारीरिक जवळीक चुंबनापाशी थांबते आणि शिवीगाळ नसते. शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. तो कसा होणार, कोणाच्या मदतीने होणार, हे पाहण्यासाठी वाचक वाचतो.

गाव इथे साक्षीदाराचे काम करते. इतर अनेक प्रणयकथा प्रेमिकांना जगापासून तोडून एकांतात नेतात. ही कादंबरी त्यांना चारचौघांत ठेवते. नायक शेजारच्या विधवेशी कसा बोलतो, कोणाच्या घरी मयत झाल्यावर स्वयंपाक करून नेतो की नाही, पोरक्या मुलाला वेळ देतो की नाही, हे नायिका पाहते आणि गावही पाहते. प्रेमाची पारख रोजच्या वागण्यात होते. या प्रकाराचे खरे बळ इथे आहे, आणि त्याला भाबडा म्हणून बाजूला सारणारे समीक्षक नेमके हेच पाहायचे विसरतात.

याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे जॅन कॅरन यांची मिटफर्ड मालिका. कॅरन यांचा जन्म १९३७ साली नॉर्थ कॅरोलायनातील लेनॉर या गावचा. जाहिरातक्षेत्रातली अनेक वर्षांची नोकरी पन्नाशीच्या सुमारास सोडून त्या ब्लू रिज डोंगरातील ब्लोइंग रॉक या छोट्या गावी राहायला गेल्या आणि ‘द ब्लोइंग रॉकेट’ या स्थानिक साप्ताहिकात दर आठवड्याला एक प्रकरण लिहू लागल्या. गावातल्या वर्तमानपत्रात, गावातल्याच लोकांसाठी लिहिलेल्या या गोष्टींतून ‘ॲट होम इन मिटफर्ड’ ही कादंबरी १९९४ साली एका लहान ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेकडून निघाली. रॅली शहरातील एका स्वतंत्र पुस्तकदुकानाच्या मालकीणबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती न्यूयॉर्कच्या प्रकाशनजगापर्यंत पोचवली. १९९६ पासून पेंग्विनने ही पुस्तके हाती घेतली आणि पुढे ती खपाच्या याद्यांवर वर्षानुवर्षे राहिली.

मिटफर्डचा नायक साठीचा आहे. फादर टिम कॅव्हनॉ हा एपिस्कोपल चर्चचा अविवाहित धर्मगुरू. कामाने थकलेला, मधुमेह झालेला आणि एस्थर बोलिकच्या संत्र्याच्या मार्मालेड केकपुढे हतबल. एक भलामोठा काळा कुत्रा त्याच्या मागे लागतो, आणि तो आवरायचा तर बायबलमधली वचने म्हणावी लागतात. दारिद्र्यातून आलेला, तोंडाळ, घाबरलेला डूली हा मुलगा त्याच्या पदरी पडतो. शेजारच्या छोट्या घरात सिंथिया कॉपरस्मिथ राहायला येते. ती मुलांची पुस्तके लिहिते, त्यांची चित्रे स्वतः काढते, आणि कुंपणाच्या झुडपांतल्या फटीतून थेट त्याच्या अंगणात येते. दोघांचे प्रेम फार सावकाश फुलते. इतकी वर्षे एकट्याने काढलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी जागा करताना काय काय सोडावे लागते, याची भीती कॅरन यांनी मोठ्या मायेने रंगवली आहे. दुसऱ्या पुस्तकात तर एक श्रीमंत विधवा त्याच्यावर जाळे टाकत असते आणि बिचारा सभ्यपणापायी तिला स्पष्ट नाही म्हणू शकत नाही. हे प्रसंग खळखळून हसवतात.

पण याच गावात घरे मोडतात, दारू माणसांना खाते, म्हातारी माणसे एकेक करून जातात. पहिल्याच पुस्तकात चर्चच्या माळ्यावर चोरीचे हिरे घेऊन लपलेला एक माणूस सापडतो. तो उपासना चालू असताना खाली उतरून सगळ्यांसमोर कबुली देतो. हलकेपणा हा लेखणीचा गुण आहे. जगण्यातली दुःखे गाळून तो मिळवलेला नाही. या मालिकेला प्रणयकादंबरी म्हणावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात, कारण तिच्यात गाव नायक-नायिकेइतकीच जागा घेते. मला मात्र या प्रकाराची पूर्ण क्षमता तिच्यातच दिसते.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट घरांत कादंबरीकडे संशयाने पाहिले जाई. उपदेशाला जुंपल्यावरच तिला उंबरठ्याच्या आत घेतले गेले. त्याच काळात मराठीतही ख्रिस्ती लेखकाच्या हातून कथा समाजसुधारणेच्या कामी लागली होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःखावर उभे आहे. अमेरिकेत मात्र पुढे उपदेशाच्या जोडीला प्रेमकथा आली, आणि हे काम सर्वांत ठळकपणे ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) यांनी केले. त्या प्रेस्बिटेरियन पाळकाची मुलगी आणि पाळकाचीच बायको. १८९९ साली नवरा वारल्यावर दोन मुलींच्या पोटापाण्यासाठी त्यांनी लेखणीचाच आधार घेतला आणि एकूण शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्या गरीब पण स्वाभिमानी, प्रार्थनेवर जगणाऱ्या नायिका आजच्या अनेक नायिकांच्या पणज्या शोभतात.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे कॅथरीन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ (१९६७). १९१२ साली टेनेसीच्या डोंगरातल्या एका दुर्गम वस्तीत शिकवायला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची ही कथा लेखिकेच्या आईच्या अनुभवांवर बेतलेली आहे. तिथला धर्मोपदेशक आणि तिथला नास्तिकपणाकडे झुकलेला डॉक्टर, असे दोन पुरुष तिच्या आयुष्यात येतात. अमेरिकेतील ख्रिस्ती कथावाङ्मयासाठी २००० सालापासून दिले जाणारे ‘क्रिस्टी’ पुरस्कार याच पुस्तकाच्या नावाने आहेत. पण बाजार खऱ्या अर्थाने उघडला तो जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेने. मिनियापोलिसच्या बेथनी हाउसने १९७९ मध्ये त्यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ छापली. गवताळ प्रदेशात पश्चिमेकडे निघालेली मार्टी ऐन प्रवासात विधवा होते. क्लार्क नावाचा विधुर तिला सरळ सांगतो की माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तुला निवारा हवा आहे. लग्न आधी होते आणि प्रेम मागाहून, हळूहळू येते. ठरवून केलेल्या लग्नांच्या आपल्या समाजातल्या वाचकाला हे कथानक परके वाटू नये. या पुस्तकाच्या यशानंतर ख्रिस्ती प्रकाशकांना कादंबरीची भीती उरली नाही.

हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या बलाढ्य कंपनीने १९९७ मध्ये ‘स्टीपल हिल’ ही शाखा काढून ‘लव्ह इन्स्पायर्ड’ मालिका सुरू केली. दरमहा ठरावीक पुस्तके, आटोपशीर लांबी, ठरलेले संकेत अशी तिची रीत. झोंडरव्हन (१९८८), टॉमस नेल्सन (२०१२) आणि हार्लेक्विन (२०१४) हे तिन्ही प्रकाशक एकेक करून हार्पर कॉलिन्सच्या मालकीचे झाले. बेथनी हाउस मिशिगनच्या बेकर समूहात गेले. विक्रीचे जुने ठिकाण मात्र हरवले. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स ही ख्रिस्ती पुस्तकदुकानांची साखळी २०१७ मध्ये बंद पडली आणि लाइफवे या तशाच दुसऱ्या साखळीने २०१९ मध्ये आपली १७० दुकाने मिटवायचे ठरवले. ख्रिस्ती दुकानात जाऊन पुस्तक उचलायची सवय त्याबरोबर गेली. आता हा वाचक सुपरमार्केटच्या मांडणीवर, सार्वजनिक ग्रंथालयात आणि ई-बुकमध्ये भेटतो.

छोटे गावच का, याचे उत्तर अमेरिकी साहित्याच्या इतिहासात शोधावे लागते. शेरवूड अँडरसन यांचे ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ (१९१९) आणि सिंक्लेअर लुइस यांची ‘मेन स्ट्रीट’ (१९२०) यांनी गावाला कोंडवाडा ठरवले. तिथली माणसे एकमेकांवर नजर ठेवतात, वेगळ्या माणसाला चेपतात, बुद्धी गंजवतात. ख्रिस्ती प्रणयकादंबरी त्याच नजरेचा वेगळा अर्थ लावते. गावाला माहीत आहे की तुम्ही आजारी आहात, म्हणून कोणी तरी दारात उभे राहते. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण पहिल्याला साहित्यात मान मिळाला आणि दुसऱ्याला बहुधा करमणुकीच्या कप्प्यात टाकले गेले.

ही गावे अगदीच हवेतली नसतात. मिटफर्डमागे ब्लोइंग रॉक आहे. सुसान मे वॉरन यांच्या ‘डीप हेवन’मागे मिनेसोटात लेक सुपीरियरच्या काठावरचे ग्रँड मरे आहे. आयरीन हॅनन यांचे ‘होप हार्बर’ ऑरेगनच्या किनाऱ्यावरचे कल्पित गाव असले तरी तिथे टाकोची गाडी चालवणारा चार्ली वाचकांच्या ओळखीचा झालेला असतो. तो चित्रकार आहे, मनाला आले की गाडी बंद ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या मनातले न विचारता ओळखतो. जोडपे दर पुस्तकात बदलते, गाव तेच राहते. मागच्या पुस्तकातली नायिका या पुस्तकात बाळाला घेऊन खाणावळीत दिसते, आणि वाचकाला ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद होतो.

हा आनंद वरवरचा नाही, असे अभ्यासकही सांगतात. लिन नील यांनी ‘रोमान्सिंग गॉड’ (२००६) या ग्रंथासाठी इव्हँजेलिकल स्त्रियांशी सविस्तर बोलून हे वाचन त्यांच्या धर्मजीवनाचाच भाग कसे आहे, ते मांडले. पुस्तके आई-लेकींत, चर्चच्या मैत्रिणींत हातोहात फिरतात. नायिकेची प्रार्थना वाचताना वाचक आपलीही करते. आमिश पंथीयांच्या जीवनावरच्या प्रणयकादंबऱ्या ही याच झाडाची फांदी. बेव्हर्ली लुइस यांच्या ‘द शनिंग’ने (१९९७) तिला बहर आला. पडद्यावरही हे जग उतरले आहे. ओक यांच्या कथेवरून स्फुरलेली ‘व्हेन कॉल्स द हार्ट’ ही हॉलमार्क वाहिनीची मालिका २०१४ पासून चालू आहे. स्वतःला ‘हार्टीज’ म्हणवणारे तिचे चाहते चित्रीकरणासाठी उभारलेले गाव पाहायला कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापर्यंत जातात.

या प्रकारावरचे काही आक्षेप गंभीर आहेत. ही गावे फार काळ जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या लोकांचीच राहिली. टोनी शायलो यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखिकांनी अलीकडे हे चित्र बदलायला घेतले आहे. २०२१ साली अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने कॅरन विटमायर यांच्या ‘ॲट लव्ह्ज कमांड’ला पुरस्कार दिला आणि टीकेनंतर तो परत घेतला. या ऐतिहासिक कादंबरीच्या सुरुवातीला वूंडेड नी येथील १८९० चे लाकोटा लोकांचे हत्याकांड येते आणि नायक त्यात सामील असलेला सैनिक आहे. तो पश्चात्ताप करतो, देवाची क्षमा मिळवतो आणि सुखी होतो. ज्यांची माणसे मारली गेली त्यांना मात्र कथेत तितका आवाज मिळत नाही. क्षमा हा या कादंबरीचा कणा आहे. म्हणून ती कोणी कोणाला करायची, हा प्रश्न तिने इतरांपेक्षा जास्त जपून हाताळायला हवा. मिटफर्डमध्ये चोर ज्या गावाला फसवत होता त्याच गावासमोर उभा राहतो, हे इथे आठवावे.

दुसरा आक्षेप साचेबंदपणाचा. तो बऱ्याच पुस्तकांना लागू पडतो. प्रार्थना केली आणि पुढच्या प्रकरणात कर्ज फिटले, अशी पुस्तके निघतात आणि विसरली जातात. चांगल्या लेखिका साच्याशीच खेळतात. बेथनी टर्नर यांच्या ‘द सीक्रेट लाइफ ऑफ सेरा हॉलनबेक’मध्ये (२०१७) नायिका धीट शृंगारिक कादंबऱ्या लिहून प्रसिद्ध झालेली आहे. ती ख्रिस्ती होते आणि नेमकी एका पाळकाच्या प्रेमात पडते. या प्रकाराचे सगळे संकोच तिथे मोकळेपणाने बोलले जातात.

मिटफर्ड मालिका प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फादर टिम आणि सिंथिया यांच्या लग्नाची कथा ‘अ कॉमन लाइफ’ २००१ मध्ये, पहिल्या पाच पुस्तकांनंतर आली. पण तिचा काळ दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकांच्या मधला आहे. ‘अ लाइट इन द विंडो’ संपताच ती हाती घ्यावी.