पांढरीचा हक्क : तंजावरच्या ‘कुडियिरुप्पु’ची कथा

तंजावरचे नाव निघाले की मराठी मनासमोर सरस्वतीमहाल उभा राहतो, मोडी लिपीतील दफ्तरांचे रुमाल उभे राहतात, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. हा अभिमान अस्थानी नाही. परंतु हे सारे वैभव कावेरीच्या ज्या गाळावर पोसले गेले, त्या गाळात गुडघाभर उभे राहून भात लावणाऱ्या माणसाचे घर कोठे होते, ते कोणाच्या जमिनीवर होते, आणि त्या घराविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार त्याला केव्हा प्राप्त झाला, हे आपण सहसा विचारीत नाही. तो विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

या विषयाशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य बदलीच्या गावी सरकारी निवासस्थानांत गेले आहे. ते घर आपले नव्हे, हे आपणांस पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही छप्पर गळू लागले म्हणजे आपण बांधकाम खात्याला अर्ज लिहितो, उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवितो, आणि प्रसंगी शेजारच्या चार बिऱ्हाडकरूंच्या सह्याही घेतो. हे बळ कोठून येते? तक्रार केली म्हणून कोणी आपले सामान रस्त्यावर टाकणार नाही, या खात्रीतून. शासनाने बांधलेल्या घरांच्या व्यवस्थेत राहणाऱ्यांचा सहभाग असावा, असे आज जगभर बोलले जाते. त्या सहभागाचे मूळ या साध्या खात्रीत आहे, आणि तंजावरचा इतिहास हे जितक्या स्पष्टपणे दाखवितो तितके दुसरे फार थोडे इतिहास दाखवीत असतील.

सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजीराजांनी स्थापिलेली तंजावरची मराठी गादी १८५५ पर्यंत टिकली. या राजांनी लोकांना निवारा दिला, यात शंका नाही. शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् पडले. त्या पंडितांना मिळाली ती घरे व जमिनी दानपत्राने मिळाली, वंशपरंपरेने मिळाली. दुसऱ्या सरफोजींच्या काळात ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. तेथे वाटसरूंना अन्न व आसरा मिळे आणि मुलांना विद्याही मिळे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेल्यावरही छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहावी, म्हणून सरफोजींनी आग्रहाने पत्रव्यवहार केला. हे औदार्य खरे होते. परंतु छत्रात उतरलेला मनुष्य हा पाहुणा असे. त्याने व्यवस्थेविषयी बोलावयाचे नसे. आणि ज्याच्या श्रमावर अग्रहार व छत्र दोन्ही चालत, त्या शेतमजुराच्या झोपडीसाठी दानपत्र कोणी लिहिले नाही.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ज्याला काळी नाही तो भूमिहीन, हे आपण जाणतो. परंतु ज्याला पांढरीही नाही, त्याची अवस्था कशी असेल? तंजावरचा पण्णैयाळ, म्हणजे जमीनदाराच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मजूर, हा असा मनुष्य होता. त्याची जात बहुधा अस्पृश्य मानलेली असे आणि त्याची वस्ती, जिला तमिळमध्ये ‘चेरी’ म्हणतात, गावाबाहेर भातखाचरांच्या कडेला असे. भिंती मातीच्या, छप्पर झावळ्यांचे. ते सारे तो स्वतःच्या हातांनी उभारी. परंतु खालची जमीन बहुधा मिरासदाराची असे. या जागेला तमिळ नाव ‘कुडियिरुप्पु’. ‘कुडि’ म्हणजे कुटुंब, प्रजा. ‘इरुप्पु’ म्हणजे असणे, राहणे. कुटुंबाने राहावयाची ही जागा मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती. मजुरीविषयी वाद घातला, दुसरीकडे कामाला गेला, किंवा एखाद्या सभेत दिसला, तर ‘झोपडी उचल’ एवढे दोन शब्द त्याला गप्प करावयास पुरत.

या मौनाला पहिला तडा १९४३-४४ च्या सुमारास गेला. बी. श्रीनिवासराव हे कन्नडभाषिक साम्यवादी कार्यकर्ते तंजावरच्या खेड्यांत आले आणि त्यांनी कुळांची व पण्णैयाळांची संघटना बांधली. परक्या भाषेतून येऊन तमिळ मजुराचा विश्वास संपादन करणारा हा पुरुष १९६१ साली निवर्तला; त्या भागात त्याचे नाव अद्याप आदराने घेतले जाते. चाबकाने मारणे आणि शेण कालविलेले पाणी पाजणे या शिक्षा बंद करण्याचे मालकांनी कबूल केले, ते १९४४ च्या मन्नारगुडी करारात. पुढे ऑगस्ट १९५२ मध्ये राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने तंजावर जिल्ह्यापुरता एक वटहुकूम काढला व त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. कुळाला उत्पन्नाचा दोन पंचमांश वाटा, पण्णैयाळाला वाढीव मजुरी, आणि तंट्यांसाठी सलोखा अधिकारी, अशा त्यातील तरतुदी होत्या. हेतू चांगला होता. पण अनेक जमीनदारांनी आपल्या पण्णैयाळांना कामावरून काढून रोजंदारीवर घेण्यास प्रारंभ केला, आणि कायद्यातील संज्ञेत बसणारा मनुष्यच नाहीसा होऊ लागला. मजुरीचा हक्क कागदावर आला, परंतु तो मागावयाचा तर ज्या झोपडीच्या दारात उभे राहून मागावयाचा, ती झोपडी अजून मालकाच्याच हाती होती.

ही उणीव १९६१ साली काही अंशी दूर झाली. कामराज मुख्यमंत्री असताना कुडियिरुप्पुतील रहिवाशांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा मद्रास राज्यात झाला. ठरावीक कारणांवाचून मालकाला झोपडी उठविता येणार नाही, असे त्याने सांगितले. परंतु संरक्षण आणि स्वामित्व यांत अंतर असते. ते किती भयंकर असू शकते, याची साक्ष २५ डिसेंबर १९६८ च्या रात्रीने दिली. त्या वेळच्या पूर्व तंजावरातील कीळवेण्मणी या खेड्यात मजुरीच्या व संघटनेच्या तंट्यातून चेरीवर हल्ला झाला. एका लहानशा झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, जाळून मारली गेली. खटल्यात खालच्या न्यायालयाने जमीनदारांना दिलेली शिक्षा उच्च न्यायालयात टिकली नाही. पण्णैयाळांच्या संघटनेला उत्तर म्हणून त्यांचे घरच पेटविले जावे, यातच त्या घराचे महत्त्व मालकवर्गाला किती नेमके कळले होते ते दिसते.

त्यानंतर १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला आणि १९७१ साली कुडियिरुप्पुचे स्वामित्व रहिवाशाला देणारा कायदा झाला. त्या वेळचे मुख्यमंत्री करुणानिधी हे जुन्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै गावचे. १९६२ साली ते तंजावर मतदारसंघातूनच विधानसभेवर गेले होते. १९५२, १९६१ आणि १९७१ अशा तीन कायद्यांत मिळून मजुरी, संरक्षण आणि मालकी ही वाट वीस वर्षांत चालली गेली.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्यात १६ व १७ ही कलमे कुळाच्या राहत्या घरासाठीच आहेत : घरातून हुसकण्यास बंदी, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला मान. गोव्यातील भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने आधार दिला. शेजारच्या केरळात १९६३ च्या व १९६९ मध्ये सुधारलेल्या कायद्याने कुडिकिडप्पुकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी असणाऱ्याला, पंचायत क्षेत्रात दहा सेंटपर्यंत, म्हणजे एकराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. प्रांत निराळे, शब्द निराळे. परंतु सर्वत्र कायद्याने प्रथम पांढरीलाच हात घातला.

पांढरी मिळाल्यावर काय घडले? मनुष्य बोलू लागला, आणि पुढे बांधूही लागला. कीळवेण्मणीनंतर कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम् जगन्नाथन् हे सर्वोदयी दांपत्य तंजावरात कामाला आले. १९८१ साली त्यांनी ‘लाफ्टी’ ही भूदानाच्या परंपरेतील संस्था स्थापिली. वाटाघाटी करून जमीन विकत घ्यावयाची आणि ती भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे करावयाची, हे तिचे वैशिष्ट्य. मातीच्या झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याचे काम पुढे तिने हाती घेतले, तेव्हा राहणाऱ्यांनी स्वतःचे श्रम घालावेत यावर तिचा भर राहिला. २००८ साली या दांपत्याला ‘राइट लाइव्हलिहुड’ पुरस्कार मिळाला. छत्रातील पाहुण्यापासून स्वतःच्या घराच्या बांधकामात हात घालणाऱ्या गृहिणीपर्यंतचे अंतर किती मोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शहरांतही हाच शब्द नव्या अर्थाने वावरतो. तमिळनाडूत नेमणूक झालेल्या आमच्या वाचकांनी आपल्या वसाहतीच्या फाटकावरील तमिळ पाटी लावून वाचली असेल, तर तेथे ‘कुडियिरुप्पु’ हाच शब्द त्यांना आढळला असेल. पण्णैयाळाच्या झोपडीचा आणि अधिकाऱ्याच्या निवासस्थानाचा शब्द एकच! १९७० साली स्थापन झालेल्या झोपडपट्टी निर्मूलन मंडळाचे नाव २०२१ मध्ये नागरी अधिवास विकास मंडळ असे बदलले. त्याच सुमारास मंडळाच्या वसाहतींसाठी ‘नम् कुडियिरुप्पु, नम् पोरुप्पु’, म्हणजे ‘आपली वसाहत, आपली जबाबदारी’, ही योजना आली. रहिवाशांनी संघ स्थापावेत, देखभालीसाठी वर्गणी जमवावी, आणि जितकी वर्गणी जमेल तितकीच रक्कम शासनाने घालावी, अशी तिची रचना. खेड्यांतही २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे पडताळणीस ठेवावी लागते.

हे पाऊल पुढचेच आहे. परंतु ते पुरते पडलेले नाही, असे आम्हांला वाटते. गळका नळ दुरुस्त करण्याची जबाबदारी रहिवाशांकडे आली. वसाहत कामाच्या ठिकाणापासून किती दूर असावी, इमारत किती मजल्यांची असावी, हे मात्र बहुधा त्यांना विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. जबाबदारीत वाटा आणि निर्णयात नाही, याला सहभाग म्हणणे कठीण. ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना बेदखलीपासून शाश्वती दिली आणि व्यवस्थापनातील बदलांविषयी त्यांचे मत घेणे त्याच कायद्याने बंधनकारक केले. तरीही २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल मनोऱ्याला आग लागून ७२ माणसे दगावली. तेथील रहिवाशांनी सुरक्षिततेविषयी आधी वारंवार इशारे दिले होते. मत घेणे आणि मत ऐकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे धनाढ्य देशालाही इतक्या किंमतीने शिकावे लागले.

तंजावरच्या या ऐंशी वर्षांतून आम्ही एवढेच काढतो. राहणाऱ्याला आधी निर्भय केले पाहिजे, मग विचारले पाहिजे, आणि विचारल्यावर त्याचे उत्तर नकाशात उतरले पाहिजे. पहिली पायरी पण्णैयाळांनी रक्त सांडून व कायद्याने उशिरा का होईना, बांधली. दुसरी आज बांधली जात आहे. तिसरी मात्र टेबलाच्या ज्या बाजूला आमचे पुष्कळ वाचक बसतात, त्या बाजूनेच बांधली जाणार आहे. ज्याला स्वतःच्या गळक्या छपरासाठी अर्ज लिहावा लागला आहे, त्याच्या हाती दुसऱ्याचा अर्ज आला, तर तो निदान पूर्ण वाचला जाईल, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.