सायकल, साखळी आणि आपलं नेसणं



आजचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिलं. जन्मभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलेला माणूस राणीसावरगावात येऊन सायकलीवर बसताना काय घालावं हे सांगणार! पण विषय आमचा नाही. मागच्या व्याख्यानानंतर आमच्या हातात एक चिठ्ठी आली, बिननावाची. लिहिणारीचं वय चाळिशीपुढचं. घरात मुलाची सायकल पडून आहे, शेत दोन मैलांवर आहे. सायकल शिकायची आहे, पण साडीवर जमेल का, आणि ड्रेस घातला तर गाव काय म्हणेल, एवढंच तिनं विचारलं होतं. यात एक प्रश्न यंत्राचा आहे आणि एक गावाचा. दोन्ही प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुने आहेत, म्हणून इतिहासाकडे जावं लागतं.

आधी यंत्र बघू. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा साचा 1885 सालचा. इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचं गाव आहे, तिथल्या जॉन केम्प स्टार्ली यानं 'रोव्हर' नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पायडल मधे, आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंत साखळी. त्याआधीच्या त्या उंच चाकाच्या सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकालाच असे, साखळी नव्हतीच. 1888 साली डनलॉपनं हवेचा टायर आणला आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होणं थांबलं. पण साखळी आली ती कापडाशी वैर घेऊनच आली. ती उजव्या बाजूला असते. जुन्या फोटोंमधे सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाचा उजवाच पाय दुमडलेला दिसतो, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट दांडीची. सीटपासून हँडलपर्यंत जी आडवी नळी जाते ती सायकलीला बळकटी देते, हे खरं. पण ती एक गोष्ट गृहीत धरते: बसणाऱ्याच्या दोन पायांना दोन वेगळ्या कापडाच्या नळ्या आहेत. म्हणजे पँट आहे. यंत्र बनवणाऱ्यानं हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, पण यंत्राच्या आकारात ते लिहिलेलंच असतं. ज्याच्या अंगावर पँट नाही त्यानं कपडा बदलावा, नाहीतर यंत्र बदलावं, नाहीतर पायी चालावं.

हा पेच पहिल्यांदा पडला तो इंग्रज बायकांना. घोट्यापर्यंत घोळदार झगे, आत आणखी झगे. कारखानदारांनी त्यांच्यासाठी दांडी खाली वाकवली, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी बसवली, साखळीला झाकण घातलं. लेडीज सायकल जन्मली ती अशी. म्हणजे यंत्र बदललं. पण काही बायकांनी दुसरी वाट धरली. लंडनमधे 1881 साली सुटसुटीत पेहरावाचा पुरस्कार करणारी एक संस्था निघाली, तिच्यातल्या पुढारी बाई लेडी हार्बर्टन. 1898 च्या ऑक्टोबरात या बाई गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार घालून सायकलीवर निघाल्या आणि सरे परगण्यातल्या ओकम गावी हॉटबॉय नावाच्या हॉटेलात जेवायला थांबल्या. मालकिणीनं त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसा म्हणाली. प्रकरण कोर्टात गेलं. 1899 साली निकाल लागला, आणि तो बाईंच्या विरुद्ध लागला! जेवण नाकारलेलं नाही, खोली तर दिली होती, असा एकूण सूर. तेव्हा 'गाव काय म्हणेल' हा प्रश्न फक्त आपल्याच गावाचा आहे असं कुणी समजू नये. विलायतेत तर तो पंचांच्या पुढ्यात सुनावणीला आला होता.

त्याच सुमारास, 1897 ते 1899 या काळात, फॅनी बुलक वर्कमन नावाची अमेरिकन बाई नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात सायकलीवर फिरत होती. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत. 1904 साली त्यांचं प्रवासाचं पुस्तक निघालं, त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा आकडा आहे. बाईनं विजार घातली नाही. झगा आणि डोक्यावर सोला हॅट. म्हणजे सोयीचा कपडा कोणता, याचं उत्तर एकच नाही. तिला तो झगा जड वाटत नसेल, किंवा जड वाटूनही सोडावासा वाटत नसेल.

आता आपल्याकडे येऊ. हा परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीत शेरवानी आणि पायजमा, शेतात धोतर किंवा नुसता पंचा, डोक्याला पटका. सायकल खेड्यात आली ती बहुधा मास्तराबरोबर आणि टपालवाल्याबरोबर. आधी रॅले, हर्क्युलस, बीएसए या विलायती गाड्या. मग 1951 साली सोनीपतला अॅटलस आणि 1956 साली लुधियान्याला हीरो निघाली, आणि सायकल हळूहळू आवाक्यात आली. धोतराची गंमत अशी की ते मुळात दोन पायांत विभागलेलं असतं, त्यामुळे दांडीची अडचण नाही. अडचण सोग्याची. म्हणून सोगा वर खोचायचा, उजव्या पोटरीला लोखंडी क्लिप लावायची, नाही तर सरळ सुतळी बांधायची. पायजम्याचंही तेच. पुढं 1970 नंतर बेलबॉटम आली तेव्हा आमच्या पिढीच्या पोरांनी किती पँटी साखळीत काळ्या करून घेतल्या, त्याचा हिशेब त्यांच्या आयांना विचारावा. पन्नास वर्षांच्या अनुभवानं जे शहाणपण आलं होतं ते एका फॅशननं धुऊन नेलं, असं क्वचितच होतं.

पण आमच्या मते खरी विचार करण्यासारखी गोष्ट लुगड्याची आहे. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो. म्हणजे तेही दोन पायांत विभागलेलं. या नेसण्यात बाया रोपं लावतात, झाडावर चढतात, आणि घोड्यावरही बसल्या आहेत. इंग्रज बाईला विजारीसाठी कोर्टात जावं लागलं, आपल्या आज्यांच्या अंगावर ती सोय जन्मापासून होती! दांडीच्या सायकलीवर सुद्धा नऊवारीत बसता आलं असतं. पण झालं काय? खेड्यात ज्यांच्या अंगावर कासोटा होता त्यांच्या हातात सायकल कुणी दिली नाही. शहरात ज्या मुली शिकल्या, कॉलेजात गेल्या, ज्यांना घरच्यांनी सायकल घेऊन दिली, त्यांनी तोवर गोल पाचवारी साडी धरली होती, कारण ती सुशिक्षितपणाची खूण झाली होती. जिच्याजवळ कपडा तिच्याजवळ सायकल नाही, आणि जिच्याजवळ सायकल तिच्याजवळ तो कपडा नाही. मग त्याच गोल साडीसाठी विलायती झग्याची जाळी लावलेली लेडीज सायकल वापरायची. पुण्यात पदर खोचून, निऱ्या सावरून मुली तशा गेल्याच, त्यांचं कौतुक आहेच.

आणि हुंड्याची यादी आठवा. घड्याळ, रेडिओ, सायकल. सायकल तिच्या लग्नात आली, तिच्या बापानं कर्ज काढून आणली, आणि बसला तो. ती मागं कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला. त्या बसण्यातून पुढं कायदा सुद्धा निघाला: 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला 123 वा नियम मोटारसायकलच्या मागच्या चाकाला किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण लावायला सांगतो. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. मागं बसणारीच्या साडीसाठी यंत्र बदललं, हे चांगलंच झालं. चालवणारीच्या साडीचा विचार कुणी केला? एक इटालियन इंजिनिअर म्हणता येईल. कोर्रादिनो दास्कानिओ यानं 1946 साली व्हेस्पा स्कूटर केली ती मुद्दाम इंजिन झाकून आणि पायांपुढची जागा मोकळी ठेवून, कपडे मळू नयेत म्हणून. त्याच्या मनात साडी नव्हती, पण फायदा साडीला झाला.

सायकलीनं बाईचं काय होतं, याला आता पुरावे आहेत. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमाराला साक्षरता मोहीम चालली, तिच्यात हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांतल्या कित्येक जणींना लेडीजपेक्षा दांडीचीच सायकल बरी वाटली, कारण दांडीवर मूल बसवता येतं! कारखानदाराच्या कल्पनेतली बाई आणि खरी बाई यांच्यात एवढं अंतर असतं. बिहार सरकारनं 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. मुरलीधरन आणि प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत जाणं 32 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, पण गणवेश मात्र सायकल न बघता ठरतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंना आता नीट उत्तर देतो. ताई, साडीवर जमतं. पण शिकताना नाही. शिकताना पाय पटकन जमिनीवर टेकायला लागतो आणि तेवढ्या क्षणात निऱ्या पायात येतात. पहिले पंधरा दिवस सलवार किंवा मुलाचा पायजमा घाला, वाटल्यास त्याच्यावर मोठा सदरा. उजवा पायचा घोट्याजवळ दोरीनं बांधा. सीट इतकी खाली करा की दोन्ही पावलं टेकतील. ओढणी घेणार असाल तर ती दोन्ही खांद्यांवरून मागं नेऊन कमरेला गाठ मारा, मोकळी सोडू नका. साखळीत गेलेला पायचा फाटतो, चाकात गेलेली ओढणी गळा आवळते. नंतर साडीच नेसायची असेल तर घोट्याच्या बोटभर वर नेसा, पदर खोचा, साखळीला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. आणि नऊवारी नेसता येत असेल, तर तुम्हाला आमच्या सल्ल्याची गरजच नाही.

जीन्स मात्र टाळावी. मधोमध जिथं चार शिवणी एकत्र येतात तिथंच बसणाऱ्याचं वजन येतं, आणि जाड शिवण चामडीला घासते. आतला कपडा सुती, शिवण बारीक. चप्पल टाचेला पट्टा असलेली, नाहीतर पायडलवरून सुटते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा कमी कपडे सोयीचे हा भ्रम सोडा. पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा आणि डोक्याला रुमाल, हेच आपल्या शेतकऱ्याचं शास्त्र आहे. पावसात काळी माती मडगार्डात भरते आणि सायकल आपल्या खांद्यावर येते, त्यावर कुठल्याच कपड्याचा इलाज नाही.

शहरातली मंडळी आता गादी लावलेली तंग चड्डी घालतात. ती लायक्रा नावाच्या 1958 सालच्या ताणणाऱ्या धाग्याची. तीस-चाळीस मैल जाणाऱ्याला ती खरोखर उपयोगी आहे, आम्ही तिची चेष्टा करणार नाही. पण दोन मैलांवरच्या शेतासाठी ती घ्यायची गरज नाही, आणि ती नाही म्हणून कुणी शिकायचं थांबू नये. पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. महिनाभरानं अंग स्वतः सांगतं कुठं काय टोचतं ते.

हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ हातोड्याबद्दल म्हणून गेला आहे की नीट चालणारं हत्यार काम करताना आपल्या ध्यानातच राहत नाही, बिघडलं की दिसतं. सोयीच्या कपड्याचीही हीच कसोटी. रस्ता दिसतो, कपडा आठवत नाही. आठवीतल्या मुलीला दर दहा पावलांवर स्कर्ट खाली ओढावा लागत असेल, तर तिचं लक्ष रस्त्यावर नाही, आणि समोरून उसाची ट्रॉली येते आहे. ही चर्चा संस्कृतीची नंतर, आधी त्या ट्रॉलीची आहे.

शाळेच्या समितीतले काही जण इथं बसलेले आहेत. पुढच्या वर्षाचा गणवेश ठरवाल तेव्हा कापडाचा रंग नंतर बघा. शिंप्याला शाळेत बोलवा, पटांगणात एक सायकल उभी करा, आठवीतल्या दोन मुलींना विचारा की पाय टाकताना कुठं अडतं. त्या सांगतील. मग माप घ्या.