डोळ्याच्या पडद्याची छबी

डोळ्याची बाहुली काळी का दिसते? हा प्रश्न मी वर्गात दरसाल घालतो. पोरे म्हणतात, "गुरुजी, काळीच असते ती!" वास्तविक डोळ्यात शिरलेला उजेड आल्या वाटेनेच परत फिरतो. तो पाहायला त्या वाटेवर डोके न्यावे, तर डोक्यानेच उजेड अडतो! १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने तिरप्या काचेची युक्ती प्रसिद्ध केली आणि जिवंत डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांना नीट दिसू लागला.

पण दिसलेले टिकवावे कसे? हाताने चित्र काढून. १८८६ साली इंग्लंडात जॅकमन आणि वेब्स्टर यांनी रोग्याच्या डोक्यालाच कॅमेरा बांधला. अडीच मिनिटांनी एक अंधुक छबी उमटली. अडीच मिनिटे डोळा स्थिर! धन्य तो रोगी.

छबीचे खरे मोल मधुमेहात. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात. पण दुखत नाही आणि आरंभी दिसतेही स्वच्छ. आमच्या शिंदखेड्याचा माणूस म्हणतो, "माले चांगलं दिखस ना, मंग कसाले जाऊ?" आणि धुळ्याची एस.टी. राहून जाते. गेल्या सालची छबी यंदाच्या छबीशेजारी ठेवली, की डाग वाढलेले कळतात. वेळीच उपचार झाले तर दृष्टी राखता येते. गेलेली बहुधा परतत नाही.

२०१८ साली मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही रुग्णांच्या अशा छब्या मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतल्या. कोणाला तज्ज्ञाकडे धाडावे, हे त्याच मोबाइलने इंटरनेटवाचून सांगितले. नेत्रतज्ज्ञांनी तो निकाल पडताळला. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. छब्या घ्यायला मात्र डोळ्यांचा डॉक्टर लागला नव्हता. साधा आरोग्य कर्मचारी पुरला.